आडव्या लाकडाचं माप

वीज गेली ते एका परीनं बरंच झालं, निदान तुम्ही सगळे त्या मोबाइलमधून मान वर काढून बसलात. आता ते खाली ठेवा. आणि कोपऱ्यातल्या बाईसाहेब, मध्येच आईकडे पळायचं असेल तर आत्ताच पळा, नंतर अंधारात मी सोबतीला येणार नाही. नाही जायचं? मग ऐका.

ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्या मित्राची आहे. माझं काम तुम्हाला माहीत आहेच. आयुष्यभर पाट्या रंगवल्या, दुकानांच्या, दवाखान्यांच्या. कबरस्तानातल्या लाकडी क्रुसांवर नावं आणि तारखाही मीच घालायचो. ते क्रूस बनवायचा मेस्त्री. त्याला दुसरं नाव होतं, पण ते त्याच्या बायकोलाही आठवावं लागायचं. हात सोन्याचे आणि जीभ करवतीची, असा माणूस.

त्याचे दोन नियम होते. एक म्हणजे क्रुसाला खिळा नाही. "एकदा ठोकले तेवढे पुरे झाले," म्हणायचा. दोन्ही लाकडांना मधोमध अर्धी अर्धी खाच पाडायची, एकात एक बसवायची, वरून लाकडाची खुंटी. दु:खात आलेल्या माणसांना समजावूनही सांगायचा, "हे उभं लाकूड देवाकडे जातं आणि हे आडवं माणसांकडे. दोघांनी आपापलं अर्धं अंग कापून दिलं, तरच क्रूस होतो." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

दुसरा नियम मापाचा. आडवं लाकूड तो गेलेल्या माणसाच्या हाताच्या मापाचं करायचा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोरी धरायची, गाठ मारायची, तेवढं डावीकडे आणि तेवढंच उजवीकडे. म्हणायचा, "क्रूस म्हणजे पसरलेले हात. ज्याचे हात, त्याच्या मापाचे नकोत?" बारा वर्षांचं पोर असो की नव्वदीची म्हातारी, मेस्त्री दोरी घेऊन स्वतः जायचा. माप घेताना घरातल्या कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचा नाही. रडणाऱ्याला कुणी बघितलेलं आवडत नाही, असं त्याचं म्हणणं.

इतकं सगळं कळणारा माणूस घरात कसा होता? लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

त्याला एकच मुलगा. डावखुरा. नऊ वर्षांचा असताना करवतीवर डाव्या हाताची करंगळी अर्धी गेली, तरी मोठा झाल्यावर त्याच कामाला लागला. कारखान्यात दोन टेबलं होती, एक बापाचं, एक लेकाचं. मग एकदा घाईचं काम आलं. मुलानं क्रुसाला दोन खिळे मारले आणि वरून लांबी भरून त्यांची डोकी झाकली. मेस्त्रीच्या नजरेतून ते सुटतंय होय! न्यायला आलेल्या लोकांसमोर त्यानं पंचवीस वर्षांच्या पोराच्या कानाखाली वाजवली. "माझ्या हत्यारांना पुन्हा हात लावायचा नाही."

पोरगा गाल धरून एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही क्रुसाला खिळे मारत नाही. माणसांना मारता."

आणि गेला. लांब कुठंतरी इमारतींच्या कामावर लागला. आईला फोन यायचा. फोन आला की मेस्त्री उठून अंगणात जायचा. मी कितीदा म्हटलं, अरे तू एकदा बोल. म्हणायचा, "त्यानं आधी यावं." तिकडे पोराचंही तेच. सहा वर्षं दोघांपैकी एकानंही आपलं अर्धं अंग कापून दिलं नाही.

सहाव्या वर्षी, सप्टेंबरात, तो आला. बाराव्या मजल्याच्या परांचीवरून पडला होता. पेटी तिकडूनच बंद करून आली. सोबतच्या माणसानं वहिनींना, म्हणजे मेस्त्रीच्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं, उघडू नका.

पुरलं. आणि उशाशी काय? एक वीट! आख्ख्या कबरस्तानात मेस्त्रीच्या हातचे क्रूस, आणि त्याच्या स्वतःच्या पोराच्या डोक्याशी वीट. वहिनी रोज विनवायच्या. मेस्त्रीचं एकच उत्तर, "माप नाही. मापाशिवाय मी करत नाही." बाजारातून आणूही देईना. रागावला होता म्हणा, कुणावर ते त्यालाही ठाऊक नसावं. माझ्या मते स्वतःवरच.

आता ती रात्र. नोव्हेंबरची नऊ तारीख, बुधवार. तीन वर्षं झाली.

त्या संध्याकाळी शाळेच्या मुख्याध्यापकांची आई गेली. पुरायचं दुसऱ्या दिवशी दहाला. मेस्त्री दोरी घेऊन सातला गेला, म्हातारीच्या हाताचं माप घेतलं, गाठ मारली, परत आला. जेवायला बसला. वहिनी म्हणाल्या, "अहो, परक्या म्हातारीचं माप आणलंत. आपल्याचं?"

"आपल्याचं कुठून आणू?"

"पंचवीस वर्षं डोळ्यांसमोर होता. त्याच्या हाताचं माप तुम्हाला माहीत नाही?"

"सहा वर्षांत माणूस बदलतो," मेस्त्री म्हणाला आणि ताटावरून उठला.

वहिनींनी ताट उचललं.

कारखाना घराच्या मागे, अंगण ओलांडलं की. मेस्त्री कामाला लागला. लाकूड कापलं, रंधा मारला, खाच पाडायला घेतली. सव्वाअकरा झाले आणि वीज गेली. आजच्यासारखीच. त्यानं मोबाइलची बॅटरी लावली, रंगाच्या डब्याला टेकवून ठेवली. उजेड टेबलापुरता. पटाशी पुन्हा हातात घेतली.

मागे खण उघडल्याचा आवाज आला.

त्याच्या मागे एकच टेबल होतं. लेकाचं. त्याचा खण सहा वर्षं कुणी उघडला नव्हता.

मेस्त्री थांबला. उंदीर असेल. पुन्हा पटाशी लाकडाला लावली... आणि वास आला. ओल्या सिमेंटचा. लाकडाच्या कारखान्यात सिमेंटचा वास कुठून येणार?

तो वळला.

बॅटरीचा उजेड फार वर जात नव्हता. पायांत बूट. सिमेंटनं पांढरे झालेले. पँट पांढरी. कमरेच्या वर अंधार... अंधारात कुणीतरी उभं.



मग दोन हात उचलले गेले. सावकाश. दोन्ही बाजूंना. सरळ. आणि तसेच राहिले.

किती वेळ... मेस्त्रीला सांगता यायचं नाही. हात खाली येत नव्हते.

मग त्याला कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं. माप!

खिशात दोरी होती. ती काढली. दोन पावलं पुढे गेला. मान वर केली नाही. सवय होती ना, चेहऱ्याकडे न बघायची. आणि धीरही नव्हता. उजव्या हाताच्या कोपराला दोरी लावली. हात गार. पहाटेच्या नळासारखा गार. दोरी बोटापर्यंत ताणली. हात किंचित हलला.

"हलू नकोस," मेस्त्री म्हणाला.

सहा वर्षांनी बाप लेकाशी बोलला, ते एवढंच.

त्यानं मान खाली घातली आणि तिथंच उभ्या उभ्या गाठ मारायला लागला. गाठ बसेना. पाठीला एकदम गार लागलं. दार उघडं राहिलं असेल, असं त्याला वाटलं. एकदा चुकली... दुसऱ्यांदा बसली. त्यानं वर बघितलं.

कुणी नव्हतं.

दार बंद होतं. आतून कडी.

...

मेस्त्री रात्रभर काम करत राहिला. म्हातारीचा क्रूस झाला. मग ठेवणीतलं सागवान काढलं, दुसऱ्या गाठीवर दोरी धरली आणि लेकाचा क्रूस केला. खाचा इतक्या नेमक्या बसल्या की हातोडी लागली नाही. पहाटे खुंटी बसवली, उजेडासाठी दार उघडलं आणि बघायला म्हणून तो क्रूस समोर उभा धरला.

आणि तेव्हा त्याला खरं कळलं.

आवाज ऐकून वहिनी धावत आल्या तेव्हा तो क्रुसाला धरून खाली बसला होता, लहान पोरासारखा रडत. रात्रीचं सगळं त्यानं सांगितलं. म्हणाला, "माप द्यायला एक हात पुरतो गं. त्यानं दोन्ही पसरले होते. मिठी मारायला आला होता, सहा वर्षांचं विसरून, आधी तोच आला... आणि मी दोरी लावली. हलू नकोस म्हटलं त्याला."

वहिनी त्याला उठवायला मागच्या बाजूनं गेल्या. काखेत हात घातला आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "अहो... शर्ट काढा. हळूच काढा."

सकाळी आठला म्हातारीचं नाव घालायला मी ब्रश घेऊन पोचलो, तर दोघं टेबलाशी बसलेले. आधी मी लेकाचंच नाव घातलं. अक्षर वाकडं आलं, आयुष्यात एकदाच. म्हातारीला पुरल्यावर दुपारी आम्ही तिघांनी ती वीट काढली आणि क्रूस उभा केला. आता तिथं गेलं की मेस्त्री आधी त्या आडव्या लाकडाला मिठी मारतो, मग बसतो. बघणारे हसतात. हसू देत.

तो शर्ट वहिनींनी धुतला नाही. कपाटात वरच्या फळीवर आहे, मी स्वतः हातात घेऊन पाहिलाय. निळा, कामाचा. पाठीवर सिमेंटचे दोन पंजे, ओले असताना उमटून सुकलेले, बोटं एकमेकांकडे वळलेली.

उजव्याला पाच बोटं. डाव्याला चार, आणि अर्धी करंगळी.