लेखनिक बदलून हवा

त्याचा हात माझ्यामुळे मोडला नाही, हे आधीच सांगून टाकते. तो आधीच मोडलेला होता. मी फक्त त्यावर दार आपटलं.

आमच्या विद्यापीठात ग्रंथालयाच्या मागे, तळमजल्यावर, अभ्यास मदत केंद्र आहे. तिथलं काचेचं दार दोन्ही बाजूंना उघडतं आणि मी काही दारं हळू उघडणाऱ्यांतली नाही. मी बाहेर यायला आणि तो आत शिरायला एकच गाठ पडली. दणका थेट त्याच्या प्लास्टरवर बसला आणि आतल्या सगळ्या माना वर झाल्या.

"सॉरी, सॉरी! फार लागलं?"

"छे, छे," तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. "मोडलाय की नाही अशी जरा शंका होती... आता खात्री झाली."

मला हसू आवरेना. तेवढ्यात केंद्राच्या मॅडम आल्या. "बरं झालं, तुमची ओळख झाली. हा तुझा परीक्षार्थी. आणि ही तुझी लेखनिक."

आता हसू त्याच्या तोंडावर होतं.

केंद्रात कुणाला संख्याशास्त्र शिकवतात, कुणाला निबंध कसा बांधायचा ते दाखवतात, डोळ्यांनी अधू असलेल्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. ज्याला स्वतः लिहिता येत नाही, त्याला परीक्षेत लेखनिक देतात. मी इतिहासाची विद्यार्थिनी, हौसेने नाव दिलं होतं. तो भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. पेपर तोंडावर आले होते, आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पेपर बुडले तर वर्ष बुडणार होतं आणि पुढच्या संशोधनासाठी मिळालेली जागाही जाणार होती.

"पडलास कुठे? डोंगरावर?"

"सायकलवरून."

"फार वेगात होती?"

"स्टँडवर होती. बसून गप्पा मारत होतो."

मॅडमनी नियम सांगितले. तो बोलेल तेवढंच लिहायचं. चुकला तर चूक लिहायची. सुचवायचं नाही, मान हलवायची नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. "आणि नात्यातला, जवळचा लेखनिक चालत नाही. प्रत्येक पेपरआधी मी विचारणार, तुमचं काही नातं? मला खरं उत्तर लागतं."

घरी सांगितलं तर दादा जेवता जेवता थांबला. "तीन तास गप्प? तू? त्याला म्हणावं, उरलेलं प्लास्टर हिच्या तोंडाला लाव."

सराव सुरू झाला. तो समोर बसून सांगायचा, मी लिहायचे.

"लिही. रूपांतरित खडक उष्णतेने आणि दाबाने तयार होतात. पूर्णविराम. लेखनिकेच्या गालाला शाई लागली आहे. पूर्णविराम."

नियम म्हणजे नियम. मी ते सगळं लिहिलं आणि मग गाल पुसला.

"दुसऱ्या गालाला," तो म्हणाला. "हे लिहू नकोस."

मॅडमनी तपासताना त्या वाक्याखाली लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, 'विषयांतर'. त्याच्या आईने तर ते कागद पाहून केंद्रात फोन केला, "माझ्या लेकाचं अक्षर इतकं कसं सुधारलं हो?"

मला वाटायचं, मला खडकांतलं काय कळणार! पण आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं तरी बोलणं मधे तोंड न घालता ऐकत होते. पुढचं वाक्य यायच्या आधी तो जरा श्वास ओढून घ्यायचा, ते मला कळू लागलं. आवडता प्रश्न आला की त्याचा आवाज कसा हलका होतो, तेही. मधेच तो डोळे मिटून म्हणायचा, "थांब... आठवू दे." मला वाटायचं, अभ्यास कच्चा दिसतोय. मग एक दिवस लक्षात आलं, माझी बोटं दुखायला लागली की मगच त्याला काही आठवेनासं होतं. त्याला सगळं तोंडपाठ होतं. त्या दिवशी मी घरी गेले आणि कुणाशीच फारसं बोलले नाही. दादाने ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

पहिल्या पेपरआधी मॅडमनी विचारलं, "तुमचं काही नातं?" दोघंही एका दमात म्हणालो, "नाही!" दुसऱ्या पेपरआधी तो म्हणाला, "नाही." मीही म्हणाले... पण जरा उशिराच.

त्या पेपरात एका खनिजाचं नाव त्याने चुकवलं. सरावात इतक्या वेळा लिहिलेलं, मलाही ठाऊक झालेलं. माझं पेन थांबलं. मी काही मुद्दाम थांबवलं नाही, हातच पुढे जाईना. त्याने माझ्याकडे पाहिलं. चूक त्याच्या ध्यानात आली, हे मला स्पष्ट दिसलं.

"लिही," तो हळूच म्हणाला. "सांगितलं तसंच लिही."

मी चुकीचं नाव लिहिलं. गुण गेले ते गेलेच.

बाहेर जिन्यात त्याने मला गाठलं. "ऐक ना... मला तुला एक —"

"नको! शेवटचा पेपर होऊ दे."

"पण मी काय म्हणतोय ते तर —"

"मला माहीत नाही आणि माहीत करूनही घ्यायचं नाही!" आणि मी चक्क पळाले. त्याने सांगितलं नाही तर मला खरं बोलता येईल, असा माझा हिशेब. पण मला काय वाटतं, ते मला कुणी सांगायला थोडंच हवं होतं? ते माझं मला कळलं होतं, आणि पुन्हा पेन थांबलं तर त्याचा पेपरच रद्द होईल, या धास्तीने माझी झोप उडाली.

शेवटच्या पेपरच्या सकाळी मी त्याच्या आधी केंद्रात पोचले.

"मॅडम, मला बदला."

"का गं? नातं आहे?"

"त्याचं माहीत नाही. माझ्याकडून... आहे. मला तो फार आवडतो, मॅडम. तो चुकला की माझा हात चालत नाही."

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मागे पाहून हाक मारली. क्रीडा विभागाचा एक धिप्पाड मुलगा खिशाला पेन लावून तयारच उभा होता. तो इतका तयार कसा, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

पेपर संपेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून नखं खाल्ली. काचेतून त्याची पाठ तेवढी दिसत होती. तो बाहेर आला तेव्हा घामाघूम झाला होता.

"कसा गेला?"

"तो फार सावकाश लिहितो गं. एक प्रश्न राहिलाच."

माझे डोळे भरून आले. "माझ्यामुळे! मी मॅडमना सांगायला नको होतं... निदान आजचा दिवस तरी —"

"तू? तू काय सांगितलंस?" तो गोंधळून बघत राहिला. "अगं, लेखनिक बदलून मी मागितला. त्या पेपरनंतर, तू जिन्यातून पळालीस ना, तसाच गेलो मॅडमकडे."

"का?" रडता रडता मी भडकले. "माझं काय चुकलं?"

"तुझ्यावर काही येऊ नये म्हणून. आणि मॅडमनी विचारलं, तुमचं काही नातं? मला खोटं बोलवेना. म्हटलं, अजून नाही... पण मला हवंय."

मी डोळे पुसले.

"त्या म्हणाल्या, तिला विचारलंस का? म्हटलं, ती बोलूच देत नाही."

"आणि... तुझी संशोधनाची जागा?"

"एका प्रश्नाने जात नाही. पास होईन मी. तू आधी मला सांग, तू मॅडमना काय सांगितलंस?"

एवढी मी बडबडी... आणि तोंडातून चारच शब्द निघाले. "मलाही हवंय. तुझ्या आधीपासून."

त्याचा चेहरा असा काही उजळला की मला पुन्हा रडू आलं. आत दुसऱ्या कुणाचा तरी पेपर चालू होता. मॅडमनी दार किलकिलं करून आम्हाला डोळ्यांनीच दटावलं, पण त्यांना हसू आलेलं आम्हा दोघांनाही दिसलं. त्याने डावा हात पुढे केला, मी तो धरला, आणि आम्ही बाहेर उन्हात गेलो.