दुसऱ्या गोणीतला मका फुटेना!

"फूट ना! अरे, फूट की!" निहार कढईकडे बघून ओरडत होता.

"लांब हो आधी!" विजूआत्या लाकडी फावडं गरागरा फिरवत गरजली. "साखर उडाली तर कातडं सोलून निघेल. मग तुझ्या आईला कोणतं तोंड दाखवू?"

भल्यामोठ्या लोखंडी कढईत मका नुसता फिरत होता. तेल तापलं, साखर वितळली, तपकिरी झाली, करपली. पण तडतड? छे! इकडे एक दाणा फुटला, तिकडे दोन. बाकीचे काळेठिक्कर पडले, तरी तोंड उघडायला तयार नाहीत!

बडोद्यात पाणीगेटजवळ मराठी मंडळाचा उन्हाळी मेळा भरला होता. रोज संध्याकाळी पाच ते नऊ, पंधरा दिवस. विजूआत्या जवळच्या बाजवा गावाहून छकडा रिक्षात कढई घालून यायची. तिचे भाचे, तेरा वर्षांची अवनी आणि दहा वर्षांचा निहार, सुट्टीला तिच्याकडेच राहायला आले होते. 'केटल कॉर्न' अशी लालभडक पाटी अवनीनेच रंगवली होती. "धाणी म्हण, धाणी! होळीत टाकतो त्या मक्याच्या लाह्या!" आत्या कुरकुरली होती. "इंग्रजी नाव दिलं की लोकांचे हात खिशात लवकर जातात, म्हणून ठेवते हो तुझी पाटी."

पहिले पाच दिवस ही रांग! गोड आणि खारट एकाच घासात. लोक बोटं चाटत परत यायचे. सहाव्या दिवशी घरून आणलेली पहिली गोणी संपली. मेळ्याआधीच मंडळाच्या कोठीत ठेवलेल्या दोन गोण्यांतली एक निहारने आणली, दोरा ओढून तोंड उघडलं, आणि तिथून हा सगळा तमाशा सुरू झाला.

आत्याने कढई चाळणीवर उपडी केली. न फुटलेले दाणे भोकांतून खाली पडतात, वर राहते ती धाणी. रोज खाली मूठभर पडायचे. आज अर्धं पातेलं भरलं! आणि जे अर्धवट फुटले होते ते वरच राहिले.

"कट्ट!"

रांगेतले उदयसिंहराव गालावर हात दाबून उभे होते. पिळदार मिशीखालून त्यांनी एक दाणा काढला. पाठोपाठ दाताचा तुकडा काढला.

"बाई, धाणी विकता की बंदुकीचे छर्रे?"

हे शब्द पडायला आणि वसुंधराबाई तिथे यायला एकच गाठ पडली. मंडळाच्या अध्यक्षा, मेळ्याच्या कर्त्याधर्त्या, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या. पाठीमागे त्यांची नात मोहना. तिची आणि या दोघांची चार दिवसांतच गट्टी जमली होती.

"विजयमाला!" बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मी तेव्हाच समितीला म्हटलं होतं. आपल्या समाजाच्या मेळ्यात हे असलं गाडीवरचं नको. नावं आपल्याला ठेवतात लोक! उद्या सहापर्यंत चांगला माल दाखव. नाहीतर जागा रिकामी कर. बर्फगोळेवाला केव्हाचा मागे लागलाय."

"दाखवते, बाई," आत्या एवढंच म्हणाली.

बाजव्याला घरी आल्यावर तिने कढई पालथी घातली आणि म्हणाली, "खंडेराव मार्केटसमोरून हटवलं, स्टेशनाबाहेरून हटवलं. आता आपल्याच लोकांनी हटवलं, तर ही कढई मी भंगारात देणार. पुन्हा हात लावणार नाही."

"आत्या, पण मका का फुटत नाही?" अवनीने विचारलं.

"का म्हणजे? त्या जशुभाईने जुना माल गळ्यात मारला. दहा वर्षं त्याच्याकडून घेते! माणसाला लाज असते, व्यापाऱ्याला नसते."

"मग जाऊन भांड ना त्याच्याशी!" निहार म्हणाला.

"भांडायला गेले की फसले ते कबूल केलं. मी नाही जात कुणाच्या दारात."

आता बघा! मोठी माणसं मानापमान सांभाळत बसली, की पायपीट पोरांनाच करावी लागते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोहनासकट तिघं खंडेराव मार्केटामागच्या जशुभाईंच्या दुकानात हजर! निहारच्या एका खिशात मक्याचे दाणे होते, दुसऱ्यात गोणीच्या तोंडाचा दोरा. निहार काहीही फेकत नाही. त्याची आई त्याला भंगारवाला म्हणते.

"तमे विजूबेनना भत्रीजा?" जशुभाई हसून म्हणाले. "आवो, आवो! बेन कशी आहे?"

"बेन रागावली आहे!" अवनीने सरळच सांगितलं. "तुम्ही जुना मका दिलात म्हणून."

जशुभाईंचं हसू तिथेच मावळलं. त्यांनी दाणे तळहातावर घेतले. एक दाताखाली धरला. टक्कन आवाज आला.

"दाणा माझाच आहे. पण बेटा, यातलं पाणी कोण पिऊन गेलं?"

"मक्यात पाणी?" मोहना खिदळली. "मका काय कलिंगड आहे?"

"हसू नको. एकेका दाण्यात थेंबभर पाणी असतं. तापलं की वाफ होते, वाफेला बाहेर यायला वाट नाही, म्हणून दाणा फुटतो. पाणी गेलं की खलास! मग खाली होळी पेटव, तरी फुटणार नाही."

त्यांनी आपल्या गोणीतला मूठभर मका छोट्या पातेल्यात टाकला. झाकण ठेवलं. तड, तड, तडतडतड! झाकणच वर उचललं गेलं.

"एकाच दिवशी आलेला माल आहे हा. आणि तुझ्या खिशातून लोंबतोय तो दोरा दाखव बघू."

निहारने दोरा काढला. हिरवा, दुहेरी, पीळ घातलेला.

"आ मारो नथी!" जशुभाईंनी दुकानातली गोणी पुढे ओढली. "माझी शिलाई बघ. मशीनची, लाल दोऱ्याची. तुमची गोणी कोणीतरी उघडली आणि हाताने परत शिवली."

"बापरे!" निहारचे डोळे मोठे झाले. "म्हणजे घातपात!"

मोहनाचं खिदळणं मात्र थांबलं होतं. ती त्या हिरव्या दोऱ्याकडे बघत राहिली.

जशुभाईंनी दोन किलो ताजा मका बांधून दिला. वर म्हणाले, "बेनला सांग, दहा वर्षांत एकदा तरी विचारायला यायचं होतं. मला वाईट वाटलं."

*

तिघं बाहेर आली. त्रेचाळीस अंशांचं ऊन, रस्ता नुसता भाजत होता. भाज्यांच्या टोपल्यांमधून वाट काढताना मोहना एकदम उभी राहिली.

"आजीच्या गोधडीचा दोरा आहे तो," ती म्हणाली.

"काय?"

"कोठीतल्या तांदळात पोरकिडे निघाले होते. मेळ्याच्या आधी. आजी म्हणाली, सगळ्या धान्याला ऊन दाखवायचं. आम्ही गोण्या गच्चीवर नेल्या. चार दिवस! आणि..." तिने स्वतःच्या पायांकडे बघितलं. "मका मीच पसरला. पायांनी. मला मज्जा वाटली."

"मोहना!" अवनीचा आवाज चढला. "तुझ्यामुळे आत्याची कढई भंगारात चालली आहे!"

"मला काय माहीत, त्यात पाणी असतं ते? घरी गहू वाळवतात, डाळी वाळवतात. आजीला तरी कुठे माहीत होतं!"

"मग चल, तिला सांग."

"मी सांगितलं तर ती म्हणेल, मी खोटं बोलते. आजी कधी चुकत नाही. आमच्या घरात तसा नियमच आहे."

तिघं उसाच्या गाड्याच्या सावलीत बसली. मग निहार म्हणाला, "आमच्या बाई पण चूक कधी कबूल करत नाहीत. पण त्यांना स्वतःचं कौतुक करायला सांगितलं ना, तर तास संपला तरी थांबत नाहीत!"

अवनीने त्याच्याकडे बघितलं. मग मोहनाकडे.

"निहार, भंगारात तू सोन्यासारखा आहेस! मोहना, माईक कुणाच्या ताब्यात असतो?"

"आजीच्या," मोहना म्हणाली. थोडा वेळ ती चपलेने माती उकरत राहिली. "मी विचारते तिला. मीच विचारायला हवं."

*

सहाला पाच कमी. आत्या ताठ उभी होती. जशुभाईंचा निरोप ऐकल्यापासून ती कुणाकडेच बघत नव्हती. समिती आली. उदयसिंहराव गालाला रुमाल बांधून आले. बर्फगोळेवाला तर यंत्रच घेऊन आला होता!

वसुंधराबाईंनी माईक हातात घेतला, तेवढ्यात मोहना पुढे झाली.

"आजी, आधी एक सांग ना सगळ्यांना! कोठीतलं धान्य तू किड्यांपासून कसं वाचवलंस?"

बाईंचा चेहरा खुलला. "विचारलंस ते बरं केलंस! हल्लीच्या मुलींना हे कुठे ठाऊक? धान्याला कडक ऊन दाखवावं लागतं. मी या वयात उभं राहून सगळ्या गोण्या गच्चीवर नेववल्या. तांदूळ, गहू, तूरडाळ. अगदी या विजयमालेच्या मक्याच्या दोन्ही गोण्यासुद्धा! चार दिवस वाळवल्या, स्वतःच्या हाताने शिवल्या. आणि हिने साधे आभार तरी मानले का?"

आत्याच्या हातातलं फावडं थांबलं.

"याच दोऱ्याने शिवल्यात ना, आजी?" निहारने हिरवा दोरा वर धरला.

"हो तर! माझ्या गोधडीचाच आहे. पक्का दोरा."

"आत्या, कढई!" अवनी ओरडली.

आत्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आधी हिरव्या दोऱ्याच्या गोणीतला मका पडला. सगळे कान देऊन उभे. तेल चरचरलं, धूर निघाला. मका गप्प! लोक हसायला लागले. आत्याने कढई पुसली आणि जशुभाईंकडचा मका ओतला. एक श्वास, दोन श्वास... तड! तड! तडतडतडतड! पांढरीशुभ्र धाणी काठावरून उसळून खाली सांडायला लागली. बारकी पोरं झेलायला धावली!

"एकाच दुकानातला, एकाच दिवसाचा मका आहे," अवनी म्हणाली. "फक्त एकाने चार दिवस ऊन खाल्लंय!"

"म्हणजे माझा दात उन्हाने पाडला होय!" उदयसिंहरावांनी रुमाल सोडला. हशा पिकला.

वसुंधराबाईंचा चेहरा उतरला. "धान्य ते धान्य. मला काय ठाऊक, मक्याचं वेगळं असतं ते?"

"विचारायचं होतंत," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच तो लांबपर्यंत गेला. "गोणी माझी होती. चौथीत दोनदा नापास करून बसवलंत तुम्ही मला, बाई. तिसऱ्यांदा बापाने नावच काढलं. तेव्हाही काही विचारलं नव्हतंत."

बर्फगोळेवाल्याने गुपचूप यंत्र उचललं.

*

जागा राहिली. जशुभाईंच्या दुकानात आत्या स्वतः गेली. काय बोलली ते कुणाला कळलं नाही, पण येताना डोळे लाल होते. उरलेल्या मक्यावर तिने पाणी शिंपडलं, डब्यांत घट्ट बंद केला आणि पोरांना येता-जाता डबे हलवायला लावलं. चौथ्या दिवशी तो मका असा फुटला की काय सांगू!

शेवटच्या संध्याकाळी वसुंधराबाईंनी माईकवरून तिघांना पुढे बोलावलं. "आमच्या मंडळाच्या या चौकस, शोधक मुलांचा मला अभिमान वाटतो!" पेनं दिली, पाठ थोपटली. उदयसिंहरावांनी नवा दात दाखवून टाळ्या वाजवल्या. विजूआत्याचं नाव मात्र भाषणात कुठेच आलं नाही.

भाषण संपवून बाई आत्याच्या कढईपाशी आल्या आणि भरलेल्या पुडीकडे त्यांनी हात केला.

"रांग तिकडून आहे, बाई," आत्या म्हणाली.

बाई जागच्या जागी थबकल्या. मग वळल्या आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर आत्याने धाणी दोनदा चाळून दिली. बाईंनी दोन दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"साखर जरा जास्त आहे," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

"बघितलंस?" मोहना रडवेली झाली. "एवढं होऊनही सॉरी म्हणाली नाही. माझ्याशी तर त्या दिवसापासून बोलतसुद्धा नाही."

"तुझ्याशी बोलतील. तू त्यांची नात आहेस," आत्या म्हणाली. "आणि तुम्ही तिघं ऐका. अक्कल आहे तुम्हाला. मी दहा वर्षांच्या ओळखीच्या माणसाला चोर ठरवून घरात बसले होते, तुम्ही जाऊन विचारलंत. आता उभे काय राहिलात? उरलेली गोणी शिवायची आहे."

मोहनाने सुई घेतली, लाल दोरा ओवला आणि गोणीचं तोंड शिवायला बसली. आत्या वाकून बघत राहिली. बारीक, सरळ, सारख्या अंतराचे टाके पडत होते.

"गोणी मी स्वतः उघडली असती, तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतं," ती हळूच म्हणाली.

"काय ओळखलं असतंस?" अवनीने विचारलं.

"बाईंचा टाका. चौथीच्या वर्गात बाईंनी मला तेवढं एकच नीट शिकवलं होतं." आणि आत्या कढई घासायला वळली.