पाटल्यांची ऊब

हॉटेलच्या खोलीत शिरल्याशिरल्या नवऱ्याने बुटांसकट पलंगावर अंग टाकलं, लेकीने, पिल्लूने, पडद्यामागे लपाछपी मांडली, आणि तिने कपाट उघडून आधी तिजोरी गाठली.

तिजोरी कसली, ब्रेडच्या मोठ्या डब्याएवढी करडी लोखंडी पेटी. कपाटाच्या तळाशी स्क्रूने जखडलेली. तिने ती हलवून पाहिली. आत हात घालून चारही कोपरे चाचपले.

"साप निघाला का?" नवरा डोळे मिटूनच म्हणाला.

"निघाला तर तुझ्या अंगावर सोडीन."

तो हसला. ती हसली नाही. पाटल्या अजून तिच्या कुर्त्याच्या आतल्या खिशात होत्या आणि विमानात बसल्यापासून तिने तिथून हात काढलेला नव्हता.

धाकट्या नणंदेचं लग्न होतं. सासूबाईंचे गुडघे एवढ्या लांबच्या प्रवासाला तयार नव्हते, म्हणून स्वतःच्या पाटल्या त्यांनी सुनेच्या स्वाधीन केल्या होत्या. "माझा जीव आहे त्यात. पोरीच्या हातात तूच घाल," असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. मग स्वयंपाकघरात जाऊन लेकाला म्हणाल्या होत्या, "हिच्या हातून सुखरूप पोचल्या म्हणजे मिळवली. पिल्लूची पैंजणं कुठे हरवली ते हिला अजून सांगता येत नाही." ती बाहेर उभी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.

पाटल्या जुन्या, रुंद, वेलीच्या नक्षीच्या होत्या. एकीच्या वेलीतलं एक पान झिजून सपाट झालं होतं. तिने दोन्ही रुमालात गुंडाळून पासपोर्टांशेजारी ठेवल्या आणि पिल्लूची जन्मतारीख हा नंबर लावला. नंबर पिल्लूला पाठ होता, गाण्यासारखा. बटणं दाबायचा तिचा हट्टच असायचा, म्हणून तिलाच दाबू दिली. पेटीने टूं केलं, पिल्लूने टाळ्या वाजवल्या.

नवरा अंघोळीला गेल्यावर तिने एक काम आणखी केलं. स्वतःचा एक केस उपटला, त्याच्या दोन्ही टोकांना कोल्डक्रीमचा ठिपका लावला आणि तिजोरीचं दार नि चौकट यांच्या फटीवर आडवा चिकटवला. कुणी दार उघडलं की केस सुटणार. कॉलेजात असताना होस्टेलच्या कपाटावर ती असंच करायची. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने वरातीपर्यंत हा विनोद पुरवून पुरवून वापरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. टक, टक. प्रत्येक थापेबरोबर धातूवर धातू आपटावा तसा एक बारीक नादही आला. किल्ल्या असतील, असं तिला वाटलं.

खोली आवरणारी बाई होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, मनगटापर्यंत बटणं लावलेल्या करड्या गणवेशातली. तिच्या हातात किल्ल्या नव्हत्या, गळ्यात दोरीला लावलेलं कार्ड होतं. तिने टॉवेलचा ससा करून पलंगावर बसवला आणि पिल्लू तिच्या मागे मागे फिरायला लागली. "मावशी, अजून एक! मावशी, आता हत्ती!" मावशीला शब्द कळत नव्हते, पण हत्ती झाला.

ती खुर्चीत पुस्तक धरून बसली होती आणि पुस्तकाच्या वरून बघत होती. बाईने कपाट उघडून उश्यांचे अभ्रे काढले. क्षणभर तिची नजर तिजोरीवर गेली. कुणाचीही जाईल. पण ही का थांबली, असं तिच्या मनात आलं, आणि एकदा आलं ते आलंच.

बाई गेल्यावर तिने तिजोरी पाहिली. केस जागच्या जागी होता. दार उघडलं. रुमाल जसाच्या तसा. पाटल्या हातात घेतल्या आणि तिने दचकून त्या परत ठेवल्या.

एक गार होती. दुसरी, झिजलेल्या पानाची, गरम होती. तापलेली नव्हे, कुणीतरी नुकतीच हातातून काढावी, तशी उबदार.

"मागून गरम पाण्याचा पाइप जात असेल," नवरा म्हणाला.

"मग एकच का गरम?"

"बाई गं, आपण लग्नाला आलोय की चौकशी आयोगावर?"

त्याच्या पुढच्या दिवशी बाईने चादर एका हाताने बदलली. डावा हात पाण्याने भरलेली बादली धरल्यासारखा खाली लोंबत होता. पिल्लूने तो धरायला बघितला तर बाईने हळूच सोडवून घेतला आणि कसनुसं हसली. तो हात ती बाहीत का दडवतेय, हा विचार दिवसभर तिचा पिच्छा सोडेना. नणंदेकडे साड्यांची निवड चालली होती, सगळ्या जणी हसत होत्या, आणि ती त्यांच्यात बसून मनाने कपाटाशी होती.

संध्याकाळी परतल्यावर तिने तिजोरी उघडली. रुमालात एकच पाटली होती. गार.

तिने रुमाल झटकून पाहिला, पासपोर्टांखाली हात फिरवला. मग तिला केस आठवला. दार उघडताना नेहमीप्रमाणे तिने तो आधी नखाने अलगद सोडवला होता. म्हणजे तो होता. दोन्ही टोकांनी चिकटलेला, सकाळी तिने पुन्हा लावला होता तसाच. दार कुणी उघडलंच नव्हतं.

तिने केस बोटाभोवती गुंडाळला आणि बेसिनमध्ये टाकून नळ सोडला.

मग नवऱ्याला हाक मारली.

मॅनेजर तरुण होता, मृदू बोलणारा. त्याने बाईला सकाळी आपल्या छोट्या, बिनखिडकीच्या खोलीत बोलावलं. बाईने एप्रनचे खिसे स्वतःच उलटे केले. त्यात पिल्लूची हरवलेली केसांची क्लिप निघाली. टेबलावर ठेवून ती तिने हळूच पिल्लूच्या आईकडे सरकवली.

"मॅडम, तिजोरी उघडल्याची काही खूण होती का? ओरखडा, काहीही?" मॅनेजरने विचारलं.

तिला केस दिसला. नळाखाली गोल फिरत जाणारा.

"नाही," ती म्हणाली. "कळायला काही मार्गच नाही. पण आमच्या खोलीत या एकट्याच येतात."

मॅनेजरने ते बाईला तिच्या भाषेत सांगितलं. बाईने आधारासाठी डावा हात टेबलावर टेकला.

खण्.

सगळ्यांनी ऐकलं. "बाहीत आहे," ती ओरडली, "बाहीत लपवलीय!" आपला आवाज इतका चिरका निघू शकतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

बाईने बटण काढून बाही कोपरापर्यंत वर केली. हात मोकळा होता. मनगटाभोवती मात्र एक रुंद, लालसर वळ होता, घट्ट दागिना काढल्यावर राहतो तसा. त्यात वेल उमटली होती. एक एक पान स्पष्ट. आणि एका जागी, पान असायला हवं तिथे, सपाट कातडी.

"हीच नक्षी आहे," ती म्हणाली. ते खरं होतं.

बाई स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली. मग पुटपुटली. मॅनेजरने अर्थ सांगितला. "ती म्हणते, दोन दिवसांपासून हात जड झालाय. तिला वाटलं, नव्या साबणाची अ‍ॅलर्जी आहे."

बाईने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. जाताना ती तिच्यासमोर थांबली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त बघत होती, आपण नेमकं काय केलं हे समोरच्या चेहऱ्यावर वाचायला मिळेल अशा आशेने.

नवऱ्याने सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "असू दे. मी तुला म्हटलंच होतं." फोन स्पीकरवर होता.

दुपारी पासपोर्ट काढायला तिने तिजोरी उघडली. रुमालात दोन पाटल्या होत्या.

दोन्ही गार. झिजलेलं पान वर.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिने पहिल्यांदा दाराकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना म्हणून. खाली जाऊन मॅनेजरला सांगायला मोजून दोन वाक्यं लागणार होती. पण तिसरं वाक्य तो विचारणार होता, आणि त्याच्या उत्तरात तो केस होता. आधी नीट काय सांगायचं ते ठरवू, मग जाऊ, असं तिने स्वतःला बजावलं. झिजलेली पाटली पिल्लूच्या मोज्यांच्या गोळ्यात सारून तिने तो बॅगेच्या तळाशी दाबला. दुपारची संध्याकाळ झाली. संध्याकाळी नणंद म्हणाली, "वहिनी, एका पाटलीसाठी एवढी रडवेली होऊ नकोस गं," आणि तिला जवळ घेतलं. तेव्हा तर तोंड उघडणं आणखीच अवघड झालं.

लग्नाच्या सकाळी नवी बाई खोली आवरायला आली. तरुण, घाईत असलेली. पिल्लूने दारामागे वाकून बघितलं. "मावशी कुठंय?"

"सुट्टीवर," ती म्हणाली. खोटं बोलणं आता जिभेवर बसायला लागलं होतं.

निघायची घाई उडाली. तिने साडीच्या निऱ्या हातात धरल्या होत्या, तेवढ्यात मागून नवऱ्याचा आवाज आला.

"हे काय?"

त्याच्या एका हातात पिल्लूचा मोजा होता, दुसऱ्या हातात पाटली.

तिच्या निऱ्या सुटल्या.

"ही मोज्यात कशी आली?" तो म्हणाला. "अगं, ती बाई... आपण त्या बाईला..."

त्याच्या चेहऱ्यावर जे यायला लागलं होतं ते पूर्ण यायच्या आत तिला थांबवायचं होतं. बाकी काहीच नाही. एवढंच.

"पिल्लूने ठेवली असेल," ती म्हणाली. "तिला नंबर येतो ना. खेळता खेळता काढली असेल."

नवरा गुडघ्यांवर बसला. "पिल्लू, तू घेतलीस आजीची पाटली?"

पिल्लूने आधी आईकडे पाहिलं. पोरं बघतात तसं, कुठलं उत्तर हवंय ते बघत. तिने लेकीची नजर टाळली नाही. टाळायला हवी होती.

"हो," पिल्लू म्हणाली.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "लहान आहे, तिला काय कळतंय. पण संध्याकाळी आल्यावर मॅनेजरला सांगायचं. त्या बाईला परत बोलवायला लावायचं."

"हो, सांगू ना," ती घाईघाईने म्हणाली, "संध्याकाळी सांगू." त्याच्या हातून तिने पाटली घेतली, पर्समध्ये टाकण्यासाठी.

ती गरम होती.

लिफ्टकडे जाताना पिल्लू मागे रेंगाळत होती. "चल ना, पिल्ल्या." पिल्लूने एकच हात वर केला. "उचल." तिने उचललं. पिल्लूचा उजवा हात गळ्याभोवती पडला. डावा खाली लोंबत राहिला.

"दुसरा हात पण टाक. पडशील."

"जड झालाय," पिल्लू म्हणाली.

लिफ्ट आली. आत नणंदेच्या सासरची दोन माणसं नटून उभी होती. त्यांनी हसून जागा करून दिली. नवरा त्यांच्याशी हवापाण्याचं बोलू लागला. तिने पिल्लूच्या फ्रॉकची बाही हळूच खाली ओढली. पुरत नव्हती. आणखी ओढली, शिवण उसवेपर्यंत, आणि उरलेल्या मनगटावर आपला पदर टाकला.

लिफ्टने खाली जाताना हिसका दिला. पिल्लूचा मोकळा, इवलासा हात पदराखालून निसटला आणि लिफ्टच्या लोखंडी दांड्यावर आपटला.

खण्.

बोलणं थांबलं. सगळ्यांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं.

"किल्ल्या," ती म्हणाली.