बंद कानातली हाक

माझा उजवा कान लहानपणीच फुटला, तेव्हापासून तो बंद. आवाज मला ऐकू येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. त्याला दोन्ही कान लागतात. एकानं ऐकलेलं दुसऱ्याशी ताडून पाहावं, तेव्हा दिशा कळते.

प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माघातल्या एका सकाळी मी आणि धाकटा भाऊ लहू वरळीहून होडी घेऊन समुद्रात खुंटांना बांधलेलं डोलीचं जाळं काढायला गेलो. धुकं इतकं, की वल्ह्याचं टोक दिसत नव्हतं. ओल्या दोराचा वास तेवढा येत होता.

"वहिनीचा वरडा तुला अर्धाच ऐकू येतो," लहू म्हणाला. "सुखी हायेस, दादूस."

मी हसलो. तेवढ्यात एक लाट आडवी आली. जाळ्यावर वाकलेला लहू पाण्यात गेला आणि ओढीनं होडी लांब सरकली.

"दादूस... इकरं..."

मी वल्ही मारली. हाक चहूकडून येत होती. मान फिरवून पाहिली, होडी फिरवून पाहिली. आवाज बारीक होत गेला.

"लांब चाललास, दादूस..."

मग माझ्या उजव्या कानात कोणी तरी बोललं. पन्नास वर्षं बंद असलेल्या कानात.

"इकरं."

कळत्या वयात पहिल्यांदा मला दिशा कळली. तिकडे होडी घातली, तर पाण्यातून हात वर आला. लहूचाच. मी त्याला आत ओढलं. थंडगार होता.

"चल घरा," तो म्हणाला.

पण डाव्या कानात हाक चालूच होती. "दादूस... मी हिते हाय..."

समोर बसलेल्या लहूचे ओठ मिटलेले होते. मी वल्ही पाण्यातून वर उचलली. घरी त्याची बायको सोनूबाई वाट पाहत होती. तो हातानं वाट दाखवत गेला, मी वल्हवत गेलो. मागची हाक हळूहळू विरली.

तीन वर्षं झाली. लहू घरात आहे. जेवतो, जाळी विणतो. त्याचं बोलणं मला उजव्या कानातच ऐकू येतं. सोनूबाईला मी काही सांगितलेलं नाही.

तिचे दोन्ही कान चांगले आहेत. पण तो चुलीपाशी बसून तिला हाक मारतो, तेव्हा ती त्याच्याकडे बघत नाही. हातातलं काम टाकते, दार उघडते आणि समुद्राकडे चालू लागते. मी मागून जाऊन तिला परत आणतो.

काल पाणी तिच्या कमरेला लागलं होतं.