फुकट रोप मूळ धरत नाही

बोग्ना आपल्या मावशीच्या बागेत गवत उपटत होती. म्हणजे, गवत कमी निघत होतं आणि माती जास्त उडत होती.

"गवतानं काय घोडं मारलंय तुमचं?" कुंपणापलीकडून आवाज आला.

तिनं मान वर केली. पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहराच्या कडेच्या या बागा एकमेकींना इतक्या चिकटून होत्या की शेजाऱ्यापासून रागसुद्धा लपत नसे. आणि हा शेजारी तर नवा होता. उंच, चष्म्याच्या काचेवर मातीचं बोट उमटलेलं, हातात टोमॅटोची चार रोपं.

"जास्तीची आहेत. घ्या."

"द्या. धन्य—"

"अहो, नका!" तो दचकलाच. "रोपाला धन्यवाद म्हणतात का कधी? आणि एक ग्रोशचं नाणं तरी टेकवा हातावर. फुकट रोप मूळ धरत नाही."

ही जुनी समजूत बोग्नाला लहानपणापासून ठाऊक होती. पण आज नेमकं त्याच जागी दुखत होतं.

"फुकट मूळ धरत नाही!" ती उसळली. "मग माझ्या कादंबरीच्या वेळी कुठे होतात तुम्ही?"

आणि मग तिनं त्या परक्या माणसाला सगळं ऐकवलं. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून चार वर्षं कादंबरी लिहिली. प्रकाशकांनी दारात उभं केलं नाही, म्हणून स्वतःच काढली. विकत घेतली ती फक्त नातेवाइकांनी. मग मैत्रीण म्हणाली, "पाच दिवस इ-बुक फुकट ठेव गं. आधी चाखतील, मग विकत घेतील." स्वस्त पुस्तकांची खबर देणाऱ्या पत्रकात पदरमोड करून जाहिरात दिली... आणि पाच दिवसांत सहा हजार लोकांनी पुस्तक नेलं! मावशीला धरून बोग्ना स्वयंपाकघरात नाचली होती. सहाव्या दिवशी किंमत परत लावली आणि सगळं चिडीचूप. महिन्याभरात एकच अभिप्राय आला, तोही एका चांदणीचा— 'फुकट होती म्हणून घेतली. तरी महाग पडली.'

तो हसला. चूकच झाली त्याची.

"हसा! खुशाल हसा! लग्नाच्या पंगतीतलं ताट तरी लोक चाटूनपुसून खातात. माझं ताट सहा हजारांनी घरी नेलं आणि झाकून ठेवलं!"

"नाव... काय कादंबरीचं?"

"'पुलावरचा थांबा'."

त्याचे कान लालभडक झाले. खिशातून फोन काढून तो बोटानं पुस्तकं सरकवत राहिला... शेकडो पुस्तकं. एका जागी बोट थांबलं.

"वाचलीत?" तिनं अगदी हळू विचारलं.

"...अजून उघडली नाही."

राग तर आलाच. पण त्याला इतकी लाज वाटत असताना त्याचे डोळे फार छान दिसत होते, आणि हे आपल्या लक्षात आलं याचा तिला दुप्पट राग आला. तिनं खिशातलं नाणं कुंपणाच्या खांबावर आपटलं.

"हा तुमचा ग्रोश. येत्या रविवारी पुस्तक विक्रीतून काढून टाकणार आहे मी. आणि लिहिणंही बंद."

रविवारी भुरभुर पाऊस होता. बागेतल्या खोपटाच्या पायरीवर ती फोन घेऊन बसली होती. 'पुस्तक विक्रीतून कायमचं काढायचं का?' फोन विचारत होता. बोट जवळ जाई... आणि मागे येई.

तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं. शेजारी! ओलाचिंब आणि संतापलेला.

"हा काय शेवट झाला?"

"कसला?"

"तुमच्या पुस्तकाचा! फुकटची प्रत पुसून टाकली मी. पूर्ण किमतीला विकत घेतली, दोन रात्री जागलो. त्या लूत्सियाच्या मागे सगळी पानं धावलो... आणि ती त्याला ट्रामनं जाऊ देते? एक शब्द न बोलता?"

"ती मानी आहे!"

"भित्री आहे!"

"भित्री?" बोग्ना उभी राहिली. फोन पुदिन्यात पडला, कुणी उचलला नाही. "तुम्हाला काय कळतं लूत्सियातलं?"

"मी ट्राम चालवतो, बाईसाहेब! अशा लूत्सिया मला रोज आरशात दिसतात. थांब्यावर मागे राहिलेल्या, ओठ घट्ट मिटलेल्या. एक हाक मारली असती ना, तर मी ट्राम थांबवली असती!"

बोग्नाचे डोळे भरून आले. चार वर्षांत लूत्सियासाठी भांडायला कुणी आलं नव्हतं.

"मग काय म्हणायला हवं होतं तिनं?" ती तरीही भांडणाच्याच सुरात म्हणाली. "सांगा की!"

"म्हणायचं— थांब. जाऊ नकोस. आपली धड ओळखही नाही, पण आठवडाभर तुझं ते चिडणं कानातून जात नाहीये... दर थांब्यावर वाटतं, तू चढशील आणि माझ्यावर ओरडशील..."

"हे लूत्सिया म्हणतेय?"

"नाही." त्यानं ओला चष्मा काढला. "हे कायेतान म्हणतोय. माझं नाव तू विचारलंच नव्हतंस. मला तू आवडतेस, बोग्ना."

पाऊस पत्र्यावर टपटपत राहिला. पुदिन्यातला फोन वाट बघून बघून विझला. बोग्नानं ओठ घट्ट मिटले होते, आणि अगदी लूत्सियासारखे मिटलेत हे तिचं तिलाच कळलं.

तिनं खिशात हात घातला. एक नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं वरून मिटली. हात मात्र सोडला नाही.

"हे कशाबद्दल?"

"जे दिलंस ते घेतलं मी. फुकट घेतलं तर मूळ धरत नाही ना?"

त्याचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "धन्य—"

"अरे, नको!" म्हणत तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.