पडद्यामागून मोजलेला सूर

वाद्यांच्या दुकानात नवा सोप्रानो सॅक्सोफोन काचेच्या कपाटात होता आणि जुना दुरुस्तीच्या टेबलावर, फ्लॅनेलच्या फडक्यावर. दोन्ही सरळ, हातभर लांब. नव्याची झळाळी डोळ्यांत भरत होती. जुन्याचा मुलामा अंगठ्याच्या जागी पार उडाला होता आणि चाव्या कुणाच्या तरी बोटांनी झिजून किंचित खोलगट झाल्या होत्या.

“जुनं ते सोनं, मान्य,” कडेवरच्या नातीच्या मुठीतून चष्मा सोडवत सासूबाई म्हणाल्या. “पण मला विचारशील तर नवाच घे. आधी कुणाकुणाच्या तोंडात होता, हा प्रश्न तरी नाही.”

“तोंडात माउथपीस जातो, आई. तो माझाच आहे.”

“तेच ते.”

सून हसली आणि हसण्यानंच तिला धाप लागली. बाळंतपणामागोमाग न्यूमोनिया झाला होता. तो गेला, पण जाताना अर्धा श्वास घेऊन गेला. वाद्यवृंदातली तिची जागा सात महिने बदली वादकाकडे होती, वृंदाचं वाद्यही त्याच्याचकडे. गुरुवारी सकाळी दोघांची चाचणी होती. त्यात वाजवायच्या एकलवादनाची सुरुवातच एका लांब सुरानं व्हायची. वीस आकडे, मध्ये श्वास नाही. पूर्वी ती चोवीसपर्यंत बोलता बोलता जाई. आता गाडी चौदावर अडे. छकुलीला पाजून, निजवून जो काही वेळ हाती लागे त्यात महिनाभर तिनं दुसरं काही केलं नव्हतं, नुसता श्वास सोडत आकडे मोजले होते. चौदा म्हणजे चौदा. आणि सोप्रानो वाजवणारा वृंदात एकच लागतो.

कारागिराच्या दुकानाची एक रीत होती. वाजवणाऱ्यानं वाद्य निवडायचं नाही. त्याच्या घरच्या माणसानं पडद्यामागे बसून, न बघता, नुसत्या कानानं निवडायचं.

“वाजवणाऱ्याचे डोळे लाच खातात,” कारागीर म्हणाला. “घरच्यांच्या कानांना ती सवय नसते.”

सासूबाई छकुलीला मांडीवर घेऊन पडद्याआड स्टुलावर बसल्या. “मोजते गं मी मोठ्यानं. कर सुरू.”

तिनं आधी नवा घेतला. सूर स्वच्छ निघाला, नुकत्याच विसळलेल्या पेल्यासारखा. बारा, तेरा, चौदा. तिथं तो तुटला.

“छान आहे. पण तुटला,” पडद्यामागून आवाज आला. “असू दे. दुसरा वाजव.”

माउथपीस काढून तिनं जुन्याला बसवला. पितळ हाताला कोमट लागलं. टेबलावरच्या दिव्यानं तापलं असेल.

सूर निघाला आणि कारागिरानं हातातला स्क्रूड्रायव्हर आवाज न करता खाली ठेवला. सूर मोठा नव्हता. पण खोलीत तो पाण्यासारखा चढत गेला, टेबलाखाली, कपाटामागे, शेल्फावरच्या झांजांपर्यंत. झांजा आपसूक किणकिणू लागल्या. तिच्या अंगावर काटा आला. असा सूर आपण कधी काढला नव्हता, हे तिला वाजवतानाच कळत होतं.

चौदाला तिचा श्वास संपला. छाती रिकामी झाली, ओठ सुटले. तिनं वाद्य तोंडापासून दूर धरलं.

“पंधरा,” सासूबाई म्हणाल्या. “सोळा.”

बोटांखाली चाव्या थरथरत होत्या. कारागीर उठला. चाव्यांखालचे पॅड नीट बसतात का हे पाहायला तो जो पातळ कागद वापरी, त्याची एक पट्टी त्यानं वाद्याच्या खालच्या, रुंद तोंडाशी धरली. पट्टी बाहेरच्या बाजूला कलली आणि तशीच राहिली.

“एकोणीस. वीस. एकवीस.”

तिनं घाबरून बोटं उचलली. सूर थांबला.

मग कागदाची पट्टी सावकाश आत ओढली गेली.

“हाच!” पडद्यामागून सासूबाई ओरडल्या. “नव्याचं सगळं बोलणं मागे घेते मी. अगं, छकुली बघ कशी चिडीचूप बसलीय!”

“हे आधी कधी झालं होतं?” तिनं हलक्या आवाजात विचारलं.

कारागीर हातातल्या पट्टीकडे बघत होता. “सात वर्षं आहे माझ्याकडे. पुष्कळांनी वाजवून पाहिलाय. पण जो तो दम राखून वाजवतो हो. पार संपेपर्यंत कुणी फुंकलंच नव्हतं.”

तिनं नव्याकडे पाहिलं. त्याच्यावर ती हरली असती, पण स्वतःच्या श्वासानं हरली असती. तिचा हात कपाटाकडे गेलासुद्धा. पण तो सूर एकदा ऐकून झाला होता.

गुरुवारी बदली वादकानं वीस आकडे चोख भरले. मग ती उभी राहिली.

चौदाला ती थांबली. ओठ माउथपीसवर तसेच ठेवून नुसती उभी राहिली.

सूर चालू होता.

अठरा. बावीस. संचालकांच्या हातातली पेन्सिल कागदावर अडली. बदली वादक खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. सभागृहाच्या छतापर्यंत सूर भरला होता, आणि त्याच्याखाली सगळे लहान मुलांसारखे वर बघत होते.

तिसाव्या आकड्याला तिनं बोटं उचलली.

आणि माउथपीसमधून तिच्या तोंडात श्वास आला.

कोमट, संथ. तोंड बाजूला घ्यायला हवं होतं. तिनं तो तहानल्यासारखा घेतला. छाती भरली, आजारानं बुजलेल्या कोपऱ्यापर्यंत. त्या एका श्वासावर तिनं उरलेलं सगळं वादन केलं.

“तुमची जागा तुमचीच,” संचालक एवढंच म्हणाले.

छकुलीला घेऊन सासूबाईही सभागृहात आल्या होत्या. परतल्यावर घरची लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यापर्यंत सासूबाई तीनदा टेकल्या. “तू बरी गं सरसर चढलीस! मेली मीच म्हातारी झाले.”

दुपारी ती आडवी झाली. छकुली रोजच्यासारखी तिच्या छातीवर पालथी निजली. तिचे इवले उच्छ्वास गळ्याला गुदगुल्या करत होते.

सासूबाई दारात आल्या. “झोपली?”

“झोपली.”

त्या जवळ येऊन छकुलीकडे वाकून बघू लागल्या.

“अगं,” त्या म्हणाल्या, “रोज ही तुझ्या छातीवर होडीसारखी वरखाली होते. आज का होत नाहीये?”

आपण श्वास केव्हा घेतला होता, ते ती आठवू लागली.

सकाळी. सभागृहात.