खालच्या खोलीची हाक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये कोणी खिदळलं तर मी उठून जाईन. ही इकडूनतिकडून ऐकलेली गोष्ट नाही. तुमच्या धाकट्या मामाने माझ्यासमोर बसून सांगितलीय, आणि त्याला साधी थाप मारायची झाली तरी कान लाल होतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मामाचं काम म्हणजे मोठ्या इमारतींतलं नेटवर्क. प्रत्येक खोलीतून एक वायर निघते आणि सगळ्या वायरी एका पेटीत येतात, तो स्विच. हो बाबा, तू इंजिनीअर, तुला सगळं येतं. ही बाकीची मंडळी आहेत ना!

तर गेल्या डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. मामाला एका वृद्धाश्रमातून बोलावणं आलं. तिथे खोलीखोलीत एक स्क्रीन होती. बटण दाबलं की खालच्या टेबलावरची सिस्टर दिसायची, नंबर लावला तर दुसरी खोलीही. पण एका आजोबांच्या स्क्रीनवर भलत्याच आजींची खोली दिसली, आणि नातेवाइकांनी आकाशपाताळ एक केलं. मॅनेजर मामाला म्हणाले, "कुठलीच खोली दुसऱ्या खोलीशी बोलता कामा नये. सगळ्यांनी फक्त सिस्टरच्या टेबलाशी बोलायचं."

याला मामाच्या धंद्यातले लोक प्रायव्हेट व्हीलॅन म्हणतात. पेटी एकच, पण आतून खोली न् खोली तोडलेली. तुम्ही हाक मारली तर टेबलाला ऐकू जाते, शेजाऱ्याला नाही. ज्यांना आपसांत बोलू द्यायचंय त्यांचा निराळा गट करता येतो, पण त्यासाठी आधी विचारावं लागतं की बाबांनो, कोणाला कोणाशी बोलायचंय. विचारायला काही तोंड झिजत नाही. मामाने विचारलं नाही. एका ओळीत सगळ्या खोल्या तोडल्या आणि स्वतःवरच खूश झाला. या लोकांना खोल्यांचे नंबर दिसतात, आत माणसं राहतात हे दिसत नाही.

म्हातारी माणसं झोपल्यावरच हे काम करायचं, म्हणून रात्रीचे अकरा वाजले होते. मामा सिस्टरच्या टेबलाशी लॅपटॉप लावून बसला, सगळं नीट चाललंय ना बघायला. पडद्यावर एक ओळ आली. चार नंबरची खोली सतरा नंबरला शोधत होती. सतरा कुठे आहे, चारला सांगा. यंत्रं एकमेकांना अशीच हाक मारतात, त्यात विशेष काही नाही. पण ओ मिळाली नाही की ती थोड्या वेळाने गप्प बसतात. ही बसेना. सतरा कुठे आहे... सतरा कुठे आहे...

"सिस्टर, चार नंबरमधले आजोबा जागे आहेत वाटतं. सतरामध्ये कोण असतं?"

सिस्टर औषधं लावत होती. तिचा हात थांबला.

"सतरामध्ये त्यांची बायको. तिला जिना उतरवत नाही, यांना चढवत नव्हता. रोज रात्री स्क्रीनवर बोलायचे. त्याशिवाय दोघांना झोप यायची नाही."

"यायची नाही म्हणजे?"

"ते दुपारी गेले, दादा. आजींना अजून सांगितलेलं नाही. मुलगा सकाळी येतोय, तोच सांगणार आहे."

मामा उठून चार नंबरमध्ये गेला. गादी गुंडाळलेली. स्क्रीन काढून कपाटात ठेवलेली. वायरीचं टोक जमिनीवर... मोकळं. कशालाच जोडलेलं नाही.

परत आला. पडद्यावर हाका चालूच होत्या.

अरे, घाबरला तो. घाबरणार नाही तर काय? पण तो म्हणतो, भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. त्या माणसाला एकदा बोलायचं होतं. शेवटचं. आणि वाट बंद कोणी केली? तर याने.

"दोघांचा गट करतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे," तो म्हणाला.

सिस्टरने त्याचं मनगट धरलं. "नका! त्या वर एकट्या आहेत. हे असलं काही कानावर पडलं तर तिथेच जातील. सकाळपर्यंत राहू द्या. पाया पडते तुमच्या."

आणि ती वर गेली. सतराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसली, राखण करायला.

खाली मामा एकटा.

सतरा कुठे आहे...

सांगितलं तर ती जाते. नाही सांगितलं तर तो हाका मारत राहतो. मामा म्हणतो, दाजी, मी रडलो हो.

तीन वाजता त्याला राहवलं नाही. सिस्टरला न विचारता त्याने दोघांचा गट केला. स्विचने मानलं. चार आणि सतरा, एकत्र.

वाट मोकळी होती.

हाक आली. टेबलाशीच आली. वर गेली नाही.

पुन्हा केलं. पुसून केलं. पेटी बंद करून चालू केली...

नाही.

जगातला एकच माणूस ती हाक ऐकत होता. ज्याला काही करता येत नव्हतं, तो.

पहाटेकडे हाकांमधलं अंतर वाढलं. सतरा... कुठे... मग बराच वेळ काही नाही. मग एक. मग...

उजाडल्यावर मामाने सतराची नोंद तपासली. रात्रभरात त्या खोलीकडे एकही हाक गेली नव्हती, त्या खोलीतून काही आलंही नव्हतं. त्याला तेवढंच बरं वाटलं. निदान आजींना कळलं तरी नाही.

मुलगा आला. वर जाताना मॅनेजरने मामालाही बरोबर घेतलं, आजींची स्क्रीन बघायला. दाराशी सिस्टर होती. ती हळूच म्हणाली, "रात्रभर इथेच होते. आतून चकार शब्द नाही."

आजी पलंगावर बसलेल्या. मुलगा काही बोलायच्या आधी त्यांनीच तोंड उघडलं. आवाज फुटेना. घसा पार बसलेला, ओरडून ओरडून बसतो तसा. मुलगा वाकला, त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"रात्रभर ओ देत होते रे मी," आजी म्हणाल्या. "त्यांना ऐकूच जात नव्हतं."